खिटी

पत्र गेलं फतेगंजच्या जुन्या पत्त्यावर,
रुस्तम दारूवाला यांच्या नावाने.
ते तर दोन वर्षांपूर्वीच लेकीकडे पर्थला गेलेले.
वॉचमनने पाकीट फोडलं, वाचता आलं नाही,
पण वरच्या चित्रातला तोंडवळा ओळखला
आणि मला फोन केला,
"बेन, तमारी लाल गाडीनुं कंईक छे."

माझी लाल गाडी.
दोन दारं, दोन सीटा, पोट जमिनीला टेकलेलं.
लोकांच्या कवळ्या घडवून घडवून साठवलेल्या पैशांतली,
सेकंडहँड.
घरी आणली तेव्हा श्रीरंगने तिच्याभोवती एक फेरी मारली.
"दोनच सीटा? म्हणजे पोरं परत येणार नाहीत
हे नक्की झालं तर."
मी म्हटलं, बस.
गुडघे कुरकुरले, तरी बसला.

पत्रात फार अदबीने लिहिलं होतं
की चोरांपासून राखण करणारं स्टिअरिंगचं कुलूप
क्वचित प्रसंगी
गाडी चालू असताना आपणहून लागू शकतं.
क्वचित प्रसंगी.
हे दोन शब्द मी चष्मा पुसून परत वाचले.
मग आठवला डाव्या दारावरचा चरा.
"डिवाइडरे जरा पप्पी करी, डीकरी,"
दारूवाला म्हणाले होते, आणि पाच हजार कमी केले होते.
केवढे हसलो होतो आम्ही.

टोल फ्री नंबर.
"मिस्टर दारूवाला बोलताय?"
पहिल्या दिवशी नाही म्हटलं, फोन कटला.
दुसऱ्या दिवशी आरसी बुकापासून सगळं सांगितलं,
त्यांनी गाणं लावून ठेवलं.
तिसऱ्या दिवशी हो म्हटलं.
त्यानंतर तीन आठवडे मी मिस्टर दारूवाला होते.
पार्ट येतोय. पार्ट निघालाय. पार्ट हालोलला अडकलाय.
कामापुरती गाडी काढायचे, रिक्षांच्या मागून,
काळ्या घोड्याच्या सर्कलला चाक असं वळवायचे
जसा ओल्या प्लास्टरमधून साचा सोडवतात,
श्वास धरून.

मकरपुऱ्याच्या वर्कशॉपात ऊर्विल नावाचा पोरगा,
मिशी अजून फुटायची.
अर्धा तास डॅशबोर्डखाली उताणा.
"नवीन कुलूप बसवणार ना?"
"ना बेन. कंपनी कहे छे, काढी ज नाखो."
म्हणजे दुरुस्ती ही,
की राखणदारालाच कामावरून कमी करायचं.
"आणि चोरी झाली तर?"
"चोरी थाय तो गाडी जाय. लॉक थाय तो..."
पुढचं तो बोलला नाही.
पान्याने हवेत एक रेघ ओढली, सरळ,
आणि वळण यायचं तिथेही ती सरळच गेली.

खिटी मी मागून घेतली.
एवढीशी. अक्कलदाढेहून जरा मोठी, तेलकट,
एका बाजूने झिजून चकचकीत झालेली.
नमुन्यांच्या खणात ठेवली, दातांच्या ओळींशेजारी,
चिठ्ठी लावून. पेशंटचं नाव: दारूवाला.
संध्याकाळी मेसेज आला,
सहकार्याबद्दल धन्यवाद, मिस्टर दारूवाला.
त्यांच्या वतीने मी तो स्वीकारला.

रात्री झोप येईना म्हणून खाली उतरले.
चावी वर, फ्रिजवर.
दार लावायचं राहिलंच होतं.
आत बसले. इंजिन गार, चाक जड,
दोन्ही हातांनी जोर लावला
आणि ते फिरलं.
चावीवाचून, कोणाला न विचारता.
खाली खडी करकरली.
समोरच्या गॅलरीत कोणीतरी दिवा लावला,
मी सीटमध्ये खाली सरकले,
छपन्न वर्षांची बाई, स्वतःच्याच गाडीतली चोर.

सकाळी श्रीरंग दुधाच्या पिशव्या घेऊन वर आला.
"चाकं फाटकाकडे वळलीयेत. काल सरळ होती."
मी चहा गाळत होते.
म्हटलं, होतं असं.
क्वचित प्रसंगी.